थ्री व्हिसल्सचं यीस्ट

सुलेखाने आयुष्यात पहिल्यांदा बिअर विकत घेतली ती वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, सिंगापूरच्या हौगांगमधल्या सुपरमार्केटमध्ये. सहा बाटल्या. ट्रॉलीत बिअर एकटी दिसू नये म्हणून तिने वर कोथिंबीर आणि तोफूचं पाकीट ठेवलं होतं. काउंटरवरच्या आंटीने बाटल्या एकेक करून मशीनपुढून फिरवल्या, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सो अर्ली आह." सुलेखा म्हणाली, "नॉट फॉर ड्रिंकिंग, आंटी." आंटीने समजूतदारपणे मान हलवली. असं सांगणारी गिऱ्हाइकं तिने बरीच पाहिली असावीत.

पण सुलेखा खरंच बोलत होती. तिला बिअर नकोच होती, बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ हवा होता. त्या गाळात तिचं यीस्ट जिवंत असणार असा तिचा हिशेब होता, आणि दुसरीकडून ते आता तिला मिळत नव्हतं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर प्रकार सोपा आहे. बार्लीला मोड आणायचे, वाळवायची, भरडायची, गरम पाण्यात तिचा गोडवा उतरवायचा. त्या गोड पाण्यात यीस्ट सोडलं की ते साखर खातं आणि बिअर होते. मोठ्या कारखान्यांची बिअर गाळून स्वच्छ केलेली असते, तिच्यात जिवंत काही नसतं. पण काही छोटे कारखानेवाले गाळत नाहीत. त्यांच्या बाटलीच्या तळाशी यीस्टचा पांढुरका थर बसतो आणि महिनोन्‌महिने तग धरून राहतो. त्याला नव्याने गोड पाणी पाजलं की ते पुन्हा वाढायला लागतं. शेजारणीकडून विरजण आणावं तसंच ते, फक्त शेजारीण बेल्जियमची असली तरी चालते.

सुलेखाची शेजारीण बेल्जियमचीच होती. तेरा वर्षांपूर्वी, जाई पोटात असताना, प्रबोधने अशी एक बाटली आणली होती. प्रबोध तिचा नवरा. जुरोंगच्या एका कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर होता आणि घरी बिअर करायचा नवा नाद त्याला लागला होता. सुलेखा नागपूरची, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., विद्यापीठात पहिली. सिंगापूरला आली ती डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीला जोडून आलेली बायको म्हणून. पहिली दोन वर्षं ती सकाळी भांडी घासायची आणि दुपारी तीच भांडी पुन्हा पुसायची. त्या दिवशी प्रबोध रिकामी बाटली टाकायला निघाला तेव्हा तिने तळाचा गढूळ थर पाहिला आणि म्हणाली, "थांब. टाकू नको."

तिथून सुरुवात झाली. तिची प्रयोगशाळा म्हणजे चार बाय सहाचं स्वयंपाकघर. निर्जंतुक करायला प्रेशर कुकर, यीस्टच्या वसाहती वाढवायला झाकणाच्या काचेच्या वाट्या, त्यात घालायला चायना ग्रास, जो इथे प्रत्येक दुकानात मिळतो कारण चिनी बायका त्याची जेली करतात. बेल्जियमचं यीस्ट थंड हवेतलं. सिंगापूरच्या एकतीस डिग्रीत ते आजारी पडायचं आणि नेलपॉलिशसारखा वास सोडायचं. सुलेखाने त्याला लाडावलं नाही. वाढवायचं, उकाड्यात ठेवायचं, मरेल ते मरू द्यायचं, जगेल त्यातलं चांगल्या वासाचं निवडायचं, पुन्हा वाढवायचं. हे तिने नऊ वर्षं केलं. मग जे हाती आलं ते एकतीस डिग्रीत मजेत राहायचं आणि लवंगेचा वास द्यायचं. वाटीत त्याच्या वसाहती खडबडीत यायच्या, कडेला झालर असल्यासारख्या. दुसऱ्या कुठल्याही यीस्टमधून तिने ते डोळे मिटून ओळखलं असतं.

आणि गंमत म्हणजे तिने बिअर कधीच चाखली नाही. तिच्या माहेरी दर रविवारी बुद्धवंदना व्हायची, पंचशील म्हटलं जायचं, आणि दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील तिच्या बाबांनी नुसतं म्हणण्यासाठी ठेवलेलं नव्हतं. त्यांचा सख्खा भाऊ दारूने गेला होता. लेक सिंगापुरात काय करते हे कळल्यावर त्यांनी फोनवर विचारलं होतं, "म्हणजे तू दारूचं काम करतेस, बाळा?" ती म्हणाली होती, "यीस्ट वाढवते, बाबा. पावसुद्धा त्यानेच फुगतो." बाबांनी जाईची खुशाली विचारून फोन ठेवला, आणि तिने स्वतःपुरता नियम करून टाकला: वास घ्यायचा, चव घ्यायची नाही. प्रबोधला असली अडचण नव्हती. वंदना त्यालाही पाठ होती, पण पाचव्या शीलापाशी त्याचा आवाज जरा खाली जायचा.

चार वर्षांपूर्वी प्रबोधने नोकरी सोडली आणि केल्विन नावाच्या मित्राबरोबर जुरोंगच्या एका औद्योगिक इमारतीत छोटा बिअरचा कारखाना काढला. बिअरला नाव दिलं थ्री व्हिसल्स, अर्थात कुकरच्या तीन शिट्ट्या. लेबलवर कुकरचं चित्र, आणि खाली इंग्रजीत मजकूर, की हिच्यातलं यीस्ट हौगांगच्या एका स्वयंपाकघरात, एका आईच्या हातांनी नऊ वर्षं वाढवलेलं आहे. बातम्या आल्या, फोटो आले. सुलेखा एका फोटोत कुकर घेऊन उभी होती. पहिल्या बॅचचा ग्लास प्रबोधने तिच्या नाकापुढे धरला तेव्हा लवंगेचा वास आला आणि तिला रडू फुटलं. इतकी वर्षं मांडलेला खेळ खरा निघाला म्हणून.

तेव्हापासून रविवार ठरलेला होता. सकाळी वंदना, मग कुकर. फ्रीजमधल्या काचनळीतून थोडं मूळ यीस्ट घ्यायचं, छोट्या बाटलीत वाढवायचं, मग मोठ्या चंबूत. सोमवारी सकाळी प्रबोध तो चंबू बर्फाच्या पिशवीत घालून एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, जुरोंग ईस्टला न्यायचा. तिथे ते टाकीपुरतं वाढवायचं असं ठरलेलं होतं. रविवारी घरात कुणाचा वाढदिवस असो की जाईची परीक्षा, सुलेखाचा चंबू चुकला नाही.

कारखाना सुरू झाल्यावर वर्षभराने तिला वन-नॉर्थमधल्या एका खाद्यप्रयोगशाळेतून नोकरीचं पत्र आलं. बातमीतला फोटो बघून त्यांनीच बोलावलं होतं. आता तिच्याकडे पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना होता, कुणाची परवानगी लागत नव्हती. काम यीस्टचंच होतं, खरंखुरं, पांढरा कोट घालून करायचं. पण त्यात शनिवार-रविवारच्या पाळ्या होत्या. तिने दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. घरचं यीस्ट दुसऱ्या कुणाच्या हातून टिकलं नसतं आणि अख्खा कारखाना त्याच्यावर उभा होता. "बरोबर आहे तुझं," प्रबोध तेव्हा म्हणाला होता. "ते तुझंच काम आहे." तिला ते फार आवडलं होतं. नकाराचं दुःख त्या एका वाक्यावर तिने तीन वर्षं काढलं.

यंदा फेब्रुवारीत बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि ती सहा आठवडे नागपूरला गेली. जाताना चार चंबू भरून ठेवले, आणि मूळ यीस्टच्या नळ्या फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात, नेहमीच्या जागी. परत आली तर घरात नवा फ्रीज. जुना बंद पडला होता, दुकानवाले येऊन घेऊन गेले. भाज्या, सॉस, लोणची प्रबोधने आठवणीने काढून घेतली होती.

"आणि नळ्या?"

"अगं हो," प्रबोध म्हणाला. "त्या गेल्या वाटतं फ्रीजबरोबर."

सुलेखा मटकन खाली बसली. मग दोन मिनिटांत तिची तीच उठली, कारण डोकं शाबूत होतं. नळ्या गेल्या तर गेल्या, कारखान्यातल्या टाकीत यीस्ट होतंच. "उद्या टाकीतलं वाटीभर घेऊन ये," ती म्हणाली.

प्रबोध म्हणाला, केल्विनने नवीन नियम केलाय, कारखान्यातून बाहेर काही न्यायचं नाही. मग म्हणाला, टाक्या धुवायला काढल्यात. मग म्हणाला, "आणि तू आता कशाला राबतेस दर रविवारी? झालं की तेरा वर्षं. आराम कर." एका गोष्टीला तीन कारणं मिळाली की शहाण्या माणसाने कान टवकारावेत. सुलेखा शहाणी होती, पण नवरा बायकोची काळजी करतो म्हटल्यावर शहाणपण जरा बाजूला बसतं. तिने ठरवलं, याला कशाला अडचणीत आणायचं. यीस्ट तर दुकानात मांडून ठेवलेलं आहे.

तर अशा त्या सहा बाटल्या. त्या तिने फ्रीजमध्ये उभ्या ठेवल्या. चार दिवस हलवायच्या नव्हत्या, म्हणजे गाळ नीट बसतो. जाईने चिली सॉस काढताना धक्का दिला तर तिला बोलणी बसली. "इट्स ओन्ली बिअर लाह, मम्मी," जाई म्हणाली आणि सॉस घेऊन गेली.

प्रबोधने बाटल्या पाहिल्या तेव्हा आधी तो हसला. "काय गं, सुरुवात केलीस की काय?"

"गाळातून यीस्ट काढणार आहे."

त्याचं हसू थांबलं. "त्यात जिवंत काही नसेल. दुकानात दिव्याखाली पडून असतात बाटल्या."

"स्वतःच्याच बिअरला नावं ठेवतोस?" सुलेखा म्हणाली. तिला खरंच गंमत वाटली.

शनिवारी तिने पहिली बाटली उघडली. तोंड गॅसच्या ज्योतीवरून फिरवलं, वरची बिअर हलक्या हाताने सिंकमध्ये ओतली आणि तळाची बोटभर ठेवली. ती हलवून कुकरमधून काढलेल्या निवलेल्या गोड पाण्यात सोडली. अगदी थोड्या पाण्यात, कारण अशक्त यीस्टला एकदम भरपूर खाऊ घातलं तर ते दमतं. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. तिसऱ्या सकाळी काचेच्या कडेला बुडबुड्यांची बारीक रेघ होती. सुलेखाने ती बाटली छातीशी धरली. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं.

मग तिने झाकण उघडून वास घेतला.

पावाचा वास होता. स्वच्छ, सपक. लवंग नव्हती. अजून कोवळं आहे, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पुढची पायरी केली, जरा जास्त पाण्यात. ते भराभरा वाढलं आणि दीड दिवसात तळाशी घट्ट बसलं. तिचं यीस्ट असं कधी बसायचं नाही. आठवडाभर तरंगत राहायचं, त्यावरून प्रबोधची किती चिडचिड व्हायची. तिने चायना ग्रासच्या वाटीत त्या यीस्टच्या रेघा ओढल्या. तीन दिवसांनी वसाहती आल्या त्या गोल, गुळगुळीत, साबुदाण्यासारख्या. एकीलाही झालर नव्हती.

उरलेल्यातल्या तीन बाटल्या तिने तशाच केल्या. तिन्हींत तेच. मग घरी बिअर करणाऱ्यांचं सामान मिळतं त्या दुकानात जाऊन सगळ्यात खपणारं सुकं यीस्ट आणलं, पाकिटातलं, आणि शेजारच्या वाटीत वाढवलं. दोन्ही वाट्या खिडकीपाशी धरल्या तर कुठली कुठली ते चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता येईना.

आता दुसरी एखादी इथेच नवऱ्याला धारेवर धरती. सुलेखाने आधी त्याच्यासाठी पळवाट शोधली. ती शास्त्रातलीच होती, शिवाय खरी होती. कित्येक कारखाने बिअर एका यीस्टने करतात आणि बाटलीत भरताना फेसापुरतं दुसरं घालतात. तळाशी सापडतं ते दुसरं. म्हणजे टाकीत तिचं आणि बाटलीत पाकिटाचं. असं असू शकतं. असंच असणार.

संध्याकाळी प्रबोध घरी आला, हातपाय धुऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. जाई ट्यूशनला गेली होती. सुलेखाने दोन्ही वाट्या त्याच्यापुढे ठेवल्या.

"बाटलीत भरताना तुम्ही वेगळं यीस्ट घालता का?"

प्रबोधने वाट्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "हो," तो म्हणाला. "फेसासाठी. केल्विनचं डोकं. तुला सांगायचं राहिलं."

"टाकीत माझंच?"

"मग काय."

तिचा जीव भांड्यात पडला. इतका पडला की तिने उठून सहापैकी उरलेल्या दोन बाटल्यांतली एक उघडली आणि ग्लासात ओतली. तिला वास घ्यायचा होता, दुसरं काही नाही. टाकीत तिचं यीस्ट असेल तर नंतर बाटलीत काहीही घाला, बिअरला लवंगेचा वास येणारच. पहिल्या बॅचनंतर तिने तो घेतलाच नव्हता. घ्यायचं कारणच पडलं नव्हतं, आणि आधीच्या बाटल्या सिंकमध्ये ओतताना सगळं लक्ष गाळावर होतं.

तिने ग्लास नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग तो प्रबोधपुढे ठेवला.

"लवंग कुठे आहे यात?"

प्रबोध ग्लासकडे बघत राहिला. खोटं बोलायला त्याला आणखी वाव होता. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांवर ढकलता आलं असतं, बार्लीवर ढकलता आलं असतं. पण समोर बसलेली बाई विद्यापीठात पहिली आलेली होती, हे त्याला बहुधा बऱ्याच दिवसांनी आठवलं.

"बावीस दिवस लागायचे गं तुझ्या यीस्टला," तो म्हणाला. "तीन टाक्या आहेत आपल्याकडे. पाकिटाचं सहा दिवसांत काम संपवतं. आणि लोकांना लवंग आवडत नव्हती. दात घासल्यासारखं वाटतं म्हणायचे."

"कधीपासून?"

"चौथ्या बॅचपासून."

चौथी बॅच म्हणजे कारखाना सुरू होऊन तीन महिने. म्हणजे फक्त तीन बॅच तिच्या, आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ सिंगापूरभर जी विकली गेली, जिच्या लेबलवर तिचा कुकर होता, ती कुणाचीही बिअर होती.

"आणि मी सोमवारी देत होते ते?"

"आधी ठेवायचो तिथल्या फ्रीजमध्ये. मग जागा पुरेना."

"मग?"

"सिंकमध्ये," प्रबोध म्हणाला.

सुलेखाला वाटलं होतं आपण ओरडू.  पण तिच्या डोळ्यांपुढे सोमवार यायला लागले. जाईला ताप होता तो सोमवार. तिची आई गेली त्याच्या आदल्या रविवारी फोन कानाशी धरून एका हाताने कुकर लावला होता, तो सोमवार. बर्फाची पिशवी घेऊन निघालेला प्रबोध, आणि दारात उभी राहून "सांभाळून ने, तिरपी करू नको" म्हणणारी ती. हौगांगहून जुरोंगपर्यंत तासभर सांभाळून न्यायचं आणि तिथे ओतून द्यायचं. वाटेत ओतलं असतं तरी त्याचे श्रम वाचले असते.

"केल्विनला माहीत आहे?"

"तिथे सगळ्यांनाच माहीत आहे," प्रबोध म्हणाला. मग घाईने म्हणाला, "पण कुणी हसायचं नाही हं. तुझा मान ठेवतात सगळे. मी फक्त तुझं मन मोडू नये म्हणून बोललो नाही. तुला किती आनंद व्हायचा रविवारी. तो कशाला हिरावून घ्यायचा? आणि नळ्या गेल्या तर जाऊ देत ना. बेल्जियमची ती बाटली अजून मिळते. परत काढशील तू. तुला जमतं."

तिने ऐकून घेतलं. त्यातलं अर्धं खरं असेल असंही तिला वाटलं. प्रबोध दुष्ट माणूस नव्हता, नावं ठेवण्यासारखा संसार केला नव्हता त्याने. लहान मुलाच्या हातात कणकेचा गोळा देतात, लाट बाई तुझी पोळी म्हणून, आणि ती पोळी नंतर गुपचूप कावळ्याला घालतात. त्यातही माया असतेच. तिने हेही पचवलं असतं. त्रेचाळीस वर्षांत बाईमाणूस बरंच पचवायला शिकतं. पण तिचं डोकं महिने मोजायला लागलं होतं आणि ते एका ठिकाणी येऊन थांबलं.

"वन-नॉर्थचं पत्र आलं तेव्हा चौथी बॅच होऊन गेली होती," ती म्हणाली.

प्रबोधने ग्लास बाजूला सरकवला.

"मी दोन दिवस विचार करत होते. तू समोर बसला होतास. याच टेबलाशी. मी म्हणाले, गेले तर घरचं यीस्ट मरेल. तू काय म्हणालास आठवतं?"

"सुलेखा, जाई दहा वर्षांची होती," प्रबोध म्हणाला. आता त्याचा आवाज समजावणीचा झाला होता, बँकेतल्या माणसाशी बोलताना लागतो तसा. "मी नोकरी सोडलेली, दिवसदिवस जुरोंगला. तुझ्या त्या पाळ्या. घरात कुणीतरी लागणारच होतं की नाही?"

"मग तसं सांगायचं होतंस. घरी थांब म्हणायचं. भांडलो असतो."

"भांडण कशाला उगाच."

"यीस्ट बदललं एवढं जरी सांगितलं असतंस," सुलेखा म्हणाली, "तरी मी चार दिवस रडले असते आणि पाचव्या दिवशी कामावर रुजू झाले असते."

"म्हणून तर नाही सांगितलं," प्रबोध म्हणाला.

ते त्याच्या तोंडून निघून गेलं. म्हणायचं नसावं, पण म्हटलं गेलं आणि दोघांनीही नीट ऐकलं. लगेच "तसं नाही" म्हणायला त्याने तोंड उघडलं. सुलेखा थांबली, खरंच थांबली, पुढचं वाक्य येऊ दे म्हणून. ते आलं नाही तेव्हा तिने ग्लास उचलला आणि त्यातली बिअर सिंकमध्ये ओतून दिली.